बीएफए पेंटिंग चालू आहे पण ओढ आर्ट हिस्ट्रीची, पुढे काय काय करता येईल?

कोटितीर्थ
नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची, सध्या पुण्यात बीएफए (फाइन आर्ट्सची पदवी) पेंटिंग थर्ड इयर. वर्गात सगळ्यांचं बोलणं शो, कमिशन वर्क आणि कोण कुठल्या एक्झिबिशनला सिलेक्ट झालं यावरच असतं, रंगवायला मलाही आवडतं पण मन खरं रमतं ते आर्ट हिस्ट्रीत. अजिंठ्याची चित्रं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या (जेजेच्या) पोरांनी कॉपी केली होती, त्या कॉप्या पुढे कुठे गेल्या, असलं काही वाचायला लागले की रात्र कशी सरते कळत नाही. कॉलेजात मात्र तो एक पेपर आहे, नोट्स पाठ करायच्या आणि लिहून मोकळं व्हायचं. घरचे म्हणतात डिप.ए.एड. (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) कर आणि शाळेत चिकट. त्यांचंही चुकत नाही, घरात कमावणारे बाबा एकटेच आहेत. या विषयात पुढे खरंच काही आहे का, कुठे शिकता येईल, आणि कॉलेज चालू असताना आत्तापासून काय करू? इंग्लिश वाचता येतं, लिहायला बसलं की अडतं. कुणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा.

फतेहगंज_कट्टा
वाट आहे आणि बऱ्यापैकी रुळलेली आहे. मी बडोद्याला एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत आर्ट हिस्ट्रीत मास्टर्स केलं. ही फॅकल्टी १९५० पासूनची आहे, आणि तिथलं मोठं सुख म्हणजे पेंटिंग, स्कल्प्चर, प्रिंटमेकिंग आणि आर्ट हिस्ट्री सगळं एकाच आवारात, त्यामुळे तू सकाळी ज्याच्या स्टुडिओत चहा प्यायलीस त्याच्याच चित्रावर संध्याकाळी वाद घालतेस. स्टुडिओतून आलेल्या मुलांना तिथे कमी लेखत नाहीत, उलट रंग कसा बसतो हे हाताला माहीत असल्याचा फायदाच होतो. एन्ट्रन्स आणि इंटरव्ह्यू असतो, पाठांतरापेक्षा समोरच्या चित्रात तुला काय दिसतंय आणि ते तू कसं मांडतेस हे बघतात. सरकारी युनिव्हर्सिटी असल्याने खाजगी डिझाइन कॉलेजांसारखा खर्च नाही, हे घरी जरूर सांग. दुसरे पर्याय म्हणजे दिल्लीत जेएनयूचं स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स, आणि पूर्वीची नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट जी आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज म्हणून नोएडाला आहे, तिथे हिस्ट्री ऑफ आर्ट, कन्झर्व्हेशन (जुनी चित्रं, वस्तू जपणं-दुरुस्त करणं) आणि म्युझिऑलॉजी (म्युझियमचं शास्त्र) तिन्हीत एमए होतं.

पुढे नेट दे, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. व्हिज्युअल आर्ट हा विषय आहे (कोड ७९) आणि त्यात आर्ट हिस्ट्रीचा वेगळा भाग निवडता येतो. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात, पीएचडी करताना घरी पैसे मागावे लागत नाहीत.

आणि अजिंठ्याचा विषय सोडू नकोस गं. १८७२ ते १८८५ जेजेत शिकवणारा जॉन ग्रिफिथ्स तिथले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला काम करत होता, पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. कॉप्या लंडनला गेल्या, बऱ्याच आगीत जळाल्या, उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि त्यांच्या वेबसाइटवर घरबसल्या बघता येतात. ग्रिफिथ्सचं नाव सगळे घेतात, मला कायम वाटतं की लेण्यांतल्या त्या अंधारात उभं राहून ज्या मुलांनी प्रत्यक्ष ब्रश चालवला त्यांच्या बाजूने हे लिहायला हवं. तू स्वतः पेंटर आहेस, तुला ते दिसेल.

दमट_हवा
मी कन्झर्व्हेशनमध्ये आहे, तैलचित्रं आणि कागद. आपल्याकडे मुलांना हे क्षेत्र आहे हेच कॉलेज संपेपर्यंत कळत नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण पेंटिंगच्या मुलांची नजर आणि हात यासाठी तयार असतात. चित्र हातात आलं की आधी नुसतं बघायचं, कॅनव्हास कुठे सैल पडलाय, रंगाचे पापुद्रे कुठे सुटलेत, व्हार्निश किती पिवळं पडलंय, आधी कुणी त्यावर रंग फासून ठेवलाय का, सगळं लिहून फोटो काढून कंडिशन रिपोर्ट करायचा, मग हात लावायचा, आणि असा लावायचा की उद्या कुणाला आपलं काम काढायचं झालं तर मूळ चित्राला धक्का न लागता निघालं पाहिजे. आपल्याकडचा पावसाळा, बुरशी, कसर, वाळवी बघता हे काम कधी संपणारं नाही.

केमिस्ट्रीची भीती असेल तर काढून टाक, अकरावी-बारावीची पुस्तकं परत वाचलीस तरी सुरुवात होते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कन्झर्व्हेशन सेंटर आहे, लखनौला केंद्र सरकारची एनआरएलसी ही कन्झर्व्हेशनची प्रयोगशाळा आहे, वारसा जपणाऱ्या इनटॅक संस्थेच्या लॅब आहेत. तिघांच्या वेबसाइटवर ट्रेनिंग, वर्कशॉपच्या जाहिराती येतात, त्या बघत राहा. पुढे कधी इंग्लंडला शिकायची इच्छा झाली तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट या कामासाठी ग्रँट देतो. आणि सुट्टीत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियमला किंवा एखाद्या ऑक्शन हाऊसला इंटर्नशिपसाठी मेल टाक. कॅटलॉगिंग, म्हणजे चित्राचं माप, माध्यम, सही, ते आधी कुणाकडे होतं हे शोधून नोंदवणं, हे एकदा शिकलीस की गॅलरी, म्युझियम, खाजगी कलेक्शन कुठेही कामाला येतं. आधीच विचार, स्टायपेंड आहे का. मुंबईत राहायचा खर्च घरून होणार नसेल तर फुकट इंटर्नशिप धरू नकोस, त्यापेक्षा पुण्यात केळकर म्युझियममध्ये विचार.

खटाव_तालुका
मी कलाशिक्षक आहे, सातारा जिल्ह्यात. आधी एक सांगतो ताई, डिप.ए.एड.ला कमी समजू नका. अनुदानित शाळांत कलाशिक्षकाच्या जागा फार कमी निघतात हे खरं, पण मोठ्या शहरांतल्या आयबी, केंब्रिज अशा आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळांना आर्ट शिकवणारी माणसं लागतात आणि ज्याला कलेचा इतिहास मुलांना गोष्टीसारखा सांगता येतो असा शिक्षक मिळणं अवघड आहे. नोकरी करत करत संशोधन करणारे पुष्कळ लोक आपल्याकडे झालेत.

दुसरं, तुम्ही कोल्हापूरच्या, तुमच्या घराजवळ केवढं पडलंय बघा. आबालाल रहिमान जेजेत शिकून आले आणि शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले, महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावात सोडून दिली असं सांगतात, तुम्ही नावच ते घेतलंय म्हणजे माहीत असणार. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात गेले. मग ते पडदे कुणी कुणी रंगवले, रंग कुठून यायचे, नाटक कंपन्या बंद पडल्यावर पडद्यांचं काय झालं, हे सांगू शकणाऱ्या जुन्या घरांतली माणसं आता थकलीत, त्यांच्याशी बोलून रेकॉर्ड करायला डिग्री लागत नाही. आमच्याकडे औंधला तिथले राजे पंतप्रतिनिधी यांचं म्युझियम १९३८ चं, रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं आणि चक्क ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प एका डोंगरावर आहे. वाईजवळ मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं बघून या. मोडी शिकलात तर अशा वाड्यांचे कागद वाचता येतील, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात. हे ऑनलाइन बसून मिळत नाही, आणि बडोदा-दिल्लीच्या इंटरव्ह्यूत असं स्वतः केलेलं काम दाखवलंत तर तुमची वेगळी ओळख पडेल.

पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी स्कॉलरशिप आहे, महिना ५,००० दोन वर्षं, पेंटिंग त्यात येतं. राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग असतो, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, तिथे चित्रं पाठवत राहा, पेंटिंग सोडायची गरज नाही.

मांडवीपार
गोव्यातून लिहितोय. कोल्हापूरहून गोवा जवळ म्हणून सांगतो. ओल्ड गोव्याला सांता मोनिका कॉन्व्हेंटमधलं म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट बघ, आपल्याच कारागिरांच्या हातचं हस्तिदंत, लाकूड, चांदीचं काम आहे. पर्वरीला झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांचा संग्रह आहे, साडीतली मेरी रंगवणारा माणूस, आणि त्यांचा बराच काळ तुमच्या पुण्यात गेलाय! पुण्यात बसून करण्यासारखा हा विषय आहे. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी हा कलांचा फेस्टिवल असतो, त्यात व्हॉलंटियर म्हणून काम केलंस तर क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन रचणारे लोक, प्रत्यक्ष काय करतात ते कळतं, भिंतीवर लावायच्या लेबलपासून लाइटपर्यंत. कोचीच्या बिएनालेबरोबर (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) स्टुडंट्स बिएनाले पण असतो.

कोटितीर्थ
खूप खूप आभार सगळ्यांचे, बाबांना पण वाचून दाखवलं. पडद्यांचा विषय डोक्यात बसलाय, आजोबांच्या ओळखीतले एक पडदे रंगवणारे अजून आहेत. दोन गोष्टी विचारते. इंग्लिश लिहिण्याचं काय करू? आणि औंधला फोटो काढू देतात का?

फतेहगंज_कट्टा
आधी मराठीत लिही, विचार मराठीत नीट मांडता आला तर इंग्लिश मागाहून सुधारतं. मॅप अकॅडमीचे भारतीय कलेवरचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, ते करताना रोज एका चित्रावर दहा ओळी इंग्लिशमध्ये लिही आणि कुणाकडून तरी तपासून घे. बाकी प्रत्येक मुलाखत झाली की त्याच रात्री कागदावर उतरव, तारीख आणि जागा घालून.

खटाव_तालुका
औंधला जाताना कॉलेजच्या प्राचार्यांचं सही-शिक्क्याचं पत्र घेऊन जा, अभ्यासासाठी परवानगी हवी असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. सरकारी म्युझियम आहे, सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा. आणि स्केचबुक न्या, नुसत्या मोबाईलच्या भरवशावर जाऊ नका. त्या पडदेवाल्या आजोबांकडे मात्र आधी जा, औंध कुठे पळून जात नाही.