घरची भाषा तेलुगू, शिकवते मराठी: इन्स्टाग्रामवर ओळख कशी मांडू?

पूर्वभाग_सोलापूर: महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवते, त्यासाठीच खातं उघडतेय. बायोत शाळा, पद लिहू का? घरी तेलुगू बोलतो हे कळलं तर पालकांना माझं मराठी कच्चं वाटेल का? आणि रीलमध्ये प्रमाण मराठी बोलू की सोलापुरी?

खडूफळा: शाळा, पद दोन्ही नको. जुलै २०२५ मधल्या राज्य शासनाच्या समाजमाध्यम वापराबाबतच्या सूचना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. वैयक्तिक खातं वेगळं ठेवायचं, आणि त्यावर पदनाम, बोधचिन्ह, शासकीय इमारत असलेले रील टाकायचे नाहीत. म्हणजे वर्गात चित्रीकरण नको. घरीच छोटा फळा लावा. बायोला १५० चिन्हांची मर्यादा आहे. ‘शिक्षिका’ दिसायला तीन अक्षरं, पण वेलांटी, काना, हलन्त सुटे मोजले की आठ होतात. त्यामुळे ‘मराठी शिकवते, घरी तेलुगू’ एवढंच पुरे.

वेलांटी: मॅडम, तेलुगू अजिबात लपवू नका, तीच तुमची जमेची बाजू आहे. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली मुलं ‘ती आली’ आणि ‘ते आलं’ यांत गोंधळतात, कारण तेलुगूत दोन्हींना ‘वच्चिंदि’च. हे कारण पालकांना त्यांच्याच भाषेत समजावणारं कुणीतरी हवंच आहे. एकेका शब्दावर रील करा. ‘अवसर’ घ्या: मराठीत संधी, तेलुगूत ‘अवसरम्’ म्हणजे गरज, कन्नडमध्ये घाई. सोलापुरात या तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, त्यामुळे असा विषय लगेच पोचतो.

खडूफळा: सोलापुरीबद्दल: सुरुवात ‘काय करायलास?’नेच करा, खाली मजकुरात ‘काय करतोयस?’ द्या. एकावर फुली, दुसऱ्यावर बरोबरची खूण असं मात्र कधीच नको. मूल घरची बोली चूक समजून वर्गात बोलायचंच थांबतं. पालकांच्या प्रतिक्रियेतलं शुद्धलेखनही चारचौघांत सुधारू नका.

अनुस्वार: वहीचा फोटो टाकताना नावाची चिठ्ठी कापा, फळ्याच्या कोपऱ्यातला पटही. आणि पालकांचे नंबर तुमच्याकडे, तुमचा त्यांच्याकडे जतन केलेला असतो, म्हणून घरगुती व्हॉट्सॲप स्टेटस त्यांनाही दिसतं. स्टेटसच्या गोपनीयतेत जाऊन त्यांना एकदा वगळून ठेवा. नवा पालक जोडला की यादी पुन्हा तपासावी लागते.