‘बोली’, ‘पावणी’ की ‘लिलाव’? ब्रिजमधल्या चढाओढीचे शब्द

पणजीत आम्ही पाच-सहा जण ब्रिज, म्हणजे दोन-दोनच्या जोड्यांचा पत्त्यांचा डाव, खेळतो. त्यांच्यासाठी एक मराठी टिपण लिहायला घेतलंय. दोन्ही जोड्या हट्टाने बोली चढवत असताना संगणकावरचे ब्रिज प्रोग्राम पुढची बोली कशी ठरवतात, हा विषय. गाडी पहिल्याच वाक्यात अडली. दोन्ही बाजू बोलीत उतरतात त्या प्रकाराला म्हणायचं काय? ‘स्पर्धात्मक लिलाव’ लिहिलं आणि खोडलं. हातात पानं धरून असं कोणी बोलत नाही.

‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून मराठीत आला, पण गोव्यात रोजच्या तोंडी ‘पावणी’. देवळात वाहिलेल्या केळ्यांच्या घडाची पावणी, पालिकेच्या सोपोची (बाजारात बसणाऱ्यांकडून घ्यायच्या कराची) पावणी. म्हणून ‘चढती पावणी’ सुचलं. कानाला बरं वाटलं, पण टेबलावर ते लंगडं पडतं. घडावर ‘पाचशे’ म्हणणारा माणूस फक्त किंमत सांगतो. खिशात किती आहेत ते तो कोणाला कळू देत नाही. ब्रिजमध्ये ‘एक बदाम’ (बदाम हुकूम धरून सहावर एक, असे सात हात जिंकू) म्हणणारा किंमत तर सांगतोच, शिवाय समोरच्या भिडूपुढे खिसा अर्धा उघडून दाखवतो : माझ्याकडे बदामाची निदान पाच पानं आहेत आणि एकूण पानं बऱ्यापैकी जड आहेत.

म्हणून मी ‘बोली’वर आलोय. लिलावात लावतात ती बोली. ‘तशी आपली बोली झाली होती’ म्हणतो तो आधी ठरलेला करार. आणि तोंडची भाषा, तीही बोलीच. ब्रिजची बोली या तिन्ही अर्थांनी एकाच वेळी खरी असते. दोन्ही बाजू उतरल्या की ‘बोलीची चढाओढ’. तुम्हाला पटतंय का, ते सांगा. दुसरी अडचण ‘सॅक्रिफाइस’ची. आपण बुडणार हे माहीत असूनही समोरच्यांचा (विरोधी जोडीचा) डाव मोडायला केलेल्या बोलीला मी सध्या ‘पडती बोली’ लिहिलंय.

प्रतिसाद, डिचोलीहून :
‘चढाओढ’ छान. ‘पडती बोली’ मात्र नको. ‘पडतं घेणं’ म्हणजे माघार घेणं. तुम्ही म्हणता तो खेळाडू तर माघार न घेता आणखी वर चढतो. वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल. व्यापारातला ‘खोट’ शब्द घ्या. खोट खाऊन माल विकतात, तशी खोट खाऊन केलेली बोली.

मूळ लेखक :
भाऊ, आक्षेप अगदी बरोबर आहे, ‘पडती’ काढून टाकतो. ‘खोटबोली’ असा जोडशब्द केला तर ऐकणाऱ्याला ‘खोटं बोलला’ वाटेल, म्हणून पूर्ण ‘खोट खाऊन बोली’ असंच ठेवतो. हा शब्द किती चपखल आहे ते गेल्या रविवारच्या एका डावावरून सांगतो. टॅबवर तीन रोबोट आणि मी.

माझी पानं : इस्पिकची एकटी छक्की. बदामचे राजा, गुलाम, अठ्ठी, चव्वी, तिर्री. चौकटची राणी, दश्शी, नव्वी, पंजी. किलवरची सत्ती, चव्वी, दुर्री. समोरचा रोबोट भिडू ‘एक बदाम’ म्हणाला, उजवीकडचा ‘एक इस्पिक’, मी सरळ ‘चार बदाम’, डावीकडचा ‘चार इस्पिक’. आता पाळी भिडूची. ते व्हल्नरेबल (म्हणजे त्यांचा नफा आणि दंड दोन्ही मोठे), आम्ही नाही. रोबोटने ‘पाच बदाम’ लावले. डबल (‘बुडालात तर जास्त भरा’ असं समोरच्यांचं आव्हान) बसला, आम्ही दोन हातांनी बुडालो, ३०० गेले. पण त्यांचे चार इस्पिक पुरते होते आणि त्याचे त्यांना ६२० मिळाले असते. ३२० वाचले.

हे त्याला कसं कळलं? बहुतेक प्रोग्रामांत आधी नियमांचा साठा असतो : अमुक बोलीचा अमुक अर्थ. मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या जीआयबी या प्रोग्रामने १९९८ मध्ये संगणक-ब्रिजची जागतिक स्पर्धा जिंकली. त्याने त्या साठ्याला वाटपाच्या सरावाची जोड दिली होती. आतापर्यंतच्या बोलींशी जुळतील अशी न दिसणारी पानं यंत्र मनातल्या मनात पुन्हा पुन्हा वाटतं. प्रत्येक वाटपात साठ्याच्या आधारे बोली शेवटपर्यंत चालवून बघतं. मग चौघांचीही पानं उघडी धरून किती हात होतील ते काढतं आणि ज्या बोलीची सरासरी चांगली ती लावतं.

वरच्या डावाचं गणित कागदावर मांडून बघा. आमची बदामं दहा, त्यांची इस्पिकं नऊ, बेरीज १९. दोन्ही बाजूंच्या हुकमाच्या पानांची बेरीज जवळपास तितकेच एकूण हात देते, हा ठोकताळा फ्रान्सच्या झाँ-रने व्हेर्न यांनी गेल्या शतकात मांडला. म्हणजे त्यांचे दहा हात होत असतील तर आमचे नऊ, त्यांचे नऊ होत असतील तर आमचे दहा. पहिल्या प्रकारात पाच बदाम म्हटल्याने ६२० ऐवजी ३०० जातात. दुसऱ्यात मात्र चार इस्पिक आपोआप बुडून १०० मिळायचे ते सोडून आम्हीच डबल झालेल्या डावात १०० देऊन बसतो. समजा यंत्राने १०० वाटपं केली आणि ४५ मध्ये चार इस्पिक पुरले. गप्प बसलं तर सरासरी उणे २२४, पाच बदाम म्हटलं तर उणे १९०. म्हणून बोली. शंभरात साधारण ३८ हून जास्त वेळा त्यांचा डाव पुरत असेल तर खोट खाणं परवडतं. दुकानदार माल अडकवून ठेवण्यापेक्षा खोट खाऊन मोकळा होतो, तोच हिशेब.

प्रतिसाद, मडगावहून :
मग हे सगळं किंमतीचंच गणित झालं. यंत्राच्या बाबतीत ‘बोली’ कशाला? ‘पावणी’च बरोबर. आणि डबलला ‘दुप्पट’ म्हणावं, शुद्ध मराठी आहे.

मूळ लेखक :
‘दुप्पट’ला माझा ठाम विरोध आहे, आणि तो इंग्रजीच्या प्रेमापोटी नाही. दुप्पट हे प्रमाण आहे. समोरच्यांनी ‘एक इस्पिक’ म्हटल्यावर मी डबल देतो तेव्हा रक्कम दुप्पट व्हावी असं माझ्या मनात नसतंच. मी भिडूला सांगतो : माझ्याकडे बाकीच्या रंगांची पानं आहेत, तू बोल. १९५७ मध्ये अमेरिकेच्या ऑल्विन रॉथ यांनी भिडूच्या बोलीनंतर मध्ये कोणी शिरलं तर द्यायचा असाच एक डबल रूढ केला. त्याच वर्षी अवकाशात गेलेल्या उपग्रहावरून लोक त्याला ‘स्पुतनिक’ म्हणू लागले. त्याला ‘दुप्पट’ म्हटलं तर अर्थच उलटा होतो. आमच्या टेबलावर ‘डबल दिला’ असंच म्हणतात, म्हणून मी ‘दंडाचा डबल’ आणि ‘विचारणीचा डबल’ असे दोन लिहिणार आहे.

यंत्राला ‘बोली’ का, याचं उत्तरही इथेच आहे. एकच शब्द, आणि तो दंडाचा की विचारणीचा हे आधी कोण काय बोललं त्यावर ठरतं. समोरचे गप्प असतील तोवर साठा पुरतो. ते मध्ये शिरले की फाटे फुटतात. बोली ३५, त्यात पास, डबल, रीडबल (डबलला उलट डबल) धरून उच्चार ३८. नियमात बसणारे बोलीक्रम मोजले तर १ वर ४७ शून्यं मांडून होणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त. इतक्यांचे नियम कोण लिहिणार? जिथे नियम नाही तिथे यंत्र एखाद्या बोलीचा भलताच अर्थ धरतं, आणि मग त्याची सगळी मनातली वाटपं त्या चुकीच्या अर्थावर उभी राहतात. बेरीज-वजाबाकी बिनचूक, पाया चुकीचा. माझ्या मते या प्रोग्रामांचं खरं दुखणं हेच आहे. पानं खेळताना ते माणसाला जड जातात. २०२२ मध्ये पॅरिसला नूक नावाच्या प्रोग्रामने आठ जगज्जेत्यांवर मात केली, पण त्या सामन्यात बोली ठेवलेलीच नव्हती. सगळे डाव तीन बिनहुकमीचे (हुकूम न धरता नऊ हात), आधीच ठरवलेले.

आणखी एक. चौघांचीही पानं उघडी धरून हिशेब केला की यंत्राच्या हिशेबात राणी कोणाकडे आहे याचा अंदाज कधी चुकतच नाही. टेबलावर तो सारखा चुकतो. समोरचा कुठे अडखळेल याची किंमत त्या सरासरीत येत नाही.

प्रतिसाद, वाळपईहून :
मी शिक्षिका आहे, ब्रिज येत नाही. पण ‘बोली’चा ‘करार’ हा अर्थ वाचून प्रश्न पडला. हल्ली यंत्रं स्वतःशीच खेळून शिकतात ना? मग त्यांनी आपसात नवीच बोली ठरवली तर?

मूळ लेखक :
ताई, नेमकं मर्मावर बोट ठेवलंत. ब्रिजमध्ये भिडूंचा करार गुप्त ठेवता येत नाही. समोरच्याने विचारलं की अर्थ सांगावाच लागतो. स्वतःशी खेळून शिकलेलं यंत्र एखादी बोली नेमकी कधी वापरतं हे दाखवता येईल, पण तिचा अर्थ माणसाच्या भाषेत दोन वाक्यांत कसा सांगायचा? जिचा अर्थ सांगता येत नाही तिला करार म्हणावं का? मी तरी म्हणणार नाही. आणि गंमत बघा, मोठ्या स्पर्धांत बोली तोंडाने बोलतच नाहीत. पेटीतली छापील पत्ती काढून समोर ठेवायची. आवाजाच्या चढ-उतारातून भिडूला काही कळू नये म्हणून. रेंगाळून दिलेला पाससुद्धा भिडूने ऐकून न ऐकल्यासारखा करायचा असतो. यंत्र त्या बाबतीत जन्मतःच प्रामाणिक.

प्रतिसाद, डिचोलीहून :
मग ‘फोर्सिंग पास’ला काय लिहिणार? पास म्हणजे गप्प बसणं, आणि हा पास तर भिडूला बोलायला लावतो.

मूळ लेखक :
तोच शब्द अजून सापडलेला नाही. चढाओढीत डाव आपल्या बाजूचा आहे हे दोघांनाही ठाऊक असतं, तेव्हा समोरच्यांच्या बोलीवर दिलेला पास म्हणजे ‘डबल दे नाहीतर वर जा, पण सोडू नकोस’. ‘सक्तीचा पास’ लिहिलं तर पास देण्याचीच सक्ती वाटते. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ खेळाडू एकदा डाव संपल्यावर भिडूला म्हणाले होते, “मी तुझ्यावर सोडलं होतं रे.” तेव्हापासून ‘सोपवता पास’ हा शब्द मनात घोळतोय. कोणाला याहून बरा सुचला तर इथे लिहा. टिपणात ती जागा अजून कोरी ठेवली आहे.