खेड्यात घरच्या नेटला मुख्य आधार कुणाचा: फायबरचा की टॉवरचा? मतं कारणांसकट द्या

भोगावतीकाठ

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडं घरी नेट घ्यायचं म्हटलं की हमखास सल्ला मिळतो: सिमवरचा राऊटर घ्या, वायरची कटकट नको. मला हे अजिबात पटत नाही. गावात फायबर आलं असेल तर मुख्य जोडणी तीच घ्यावी, सिम आधाराला ठेवावं.

टॉवर सगळ्या गावात वाटला जातो. पहाटे झकास चालणारा तोच टॉवर रात्री नऊला गुडघे टेकतो, आणि राऊटर कितीही भारी आणला तरी त्यात फरक पडत नाही. फायबरमध्येही वाटणी आहेच, पण जीपॉनच्या (घरोघरी फायबर वाटायच्या पद्धतीच्या) एका पोर्टवर अडीच जीबीपीएस असतात आणि ते फार तर ६४ किंवा १२८ घरांत जातात.

फोनचा प्रश्नही त्यातच सुटतो. जाड भिंतीच्या किंवा स्लॅबच्या घरात रेंज मरते. सिमच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं की कॉल घरात येतात, बऱ्याच सिमवर ओटीपीही. रेंज एखादी काडी असेल तर फोन टॉवर आणि वाय-फायमध्ये हेलपाटे घालतो आणि कॉल तुटतो. अशा वेळी विमान मोड टाकून फक्त वाय-फाय परत चालू करायचं. एवढं करूनही लागत नसेल तर राऊटर यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट (वाय-फाय कॉलिंगच्या वाटा) अडवतोय का ते बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फायबरचा फॉल्ट मोजता येतो. ओएनयूच्या (फायबर ज्याला जोडतात त्या घरातल्या डब्याच्या) पानावर (ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१) आरएक्स पॉवर, म्हणजे घरात पोचलेल्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये दिसते. ऑपरेटरकडून निघताना +४ धरा. १:८ चे दोन स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश आठ वाटांत वाटणारे) प्रत्येकी साधारण १०.५ डीबी खातात, ८ किलोमीटर फायबर दोन-सव्वादोन, जोड आणि कनेक्टर मिळून दीड. म्हणजे घरात -२० ते -२१ यायला पाहिजे. तिथं -२६ दिसत असेल तर नेट आज चालू असलं तरी वायर कुठंतरी मुडपलीय किंवा जोड खराब आहे. -२७ च्या आसपास ओएनयूवरचा लॉसचा (प्रकाश तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागतो. तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका, "पॉवर मायनस २६ येतोय" म्हणा. लाईनमनला कुठं बघायचं ते लगेच कळतं.

ऊसपट्टा_शिरोळ

हिशोब बरोबर आहे, पण ती वायर लटकते कुठं तेही बघा की. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम. रस्ता ओलांडणारी केबल खांबाला १६ फुटांवर बांधलेली, मध्ये झोळ पडून १४ वर आलेली. उसाची भरलेली ट्रॉली वरच्या मोळ्या धरून जवळजवळ तेवढीच उंच. रात्रभर कारखान्याकडं रांग लागलेली असते. एक मोळी अडकली की केबल खांबावरच्या क्लॅम्पसकट खाली. जोडायला फ्यूजन मशीन (काच वितळवून जोडणारं) लागतं. लहान ऑपरेटरकडं ते बहुतेक एकच असतं, आणि त्याच रात्री आणखी तीन गावं बंद पडलेली असतात. घाईत टेप गुंडाळून केलेला जोड पहिल्या पावसात पाणी पितो.

हंगाम संपला की रस्त्याची कामं आणि जेसीबी. मग पूर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर होतं. त्या पाण्यात रस्त्याकडेच्या जोडबॉक्सचं काय होत असेल?

म्हणून आमच्या भागात मुख्य जोडणी टॉवरचीच, आणि तीही नीट बसवलेली. खिडकीत ठेवलेला डबा म्हणजे बसवणं नव्हे. आधी मोजा, मग पैसे घाला. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* दाबलं की बऱ्याच फोनांत आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) दिसते, नाहीतर सेल मोजणारं एखादं मोफत ॲप घ्या. गच्चीच्या चारही कोपऱ्यांत, प्रत्येक कंपनीच्या सिमवर, सकाळी सहा, दुपारी एक आणि रात्री नऊला आकडे लिहून काढा. आरएसआरपी -९५ पर्यंत उत्तम, -१०५ कामचलाऊ, -११५ च्या पुढं नाद सोडा. एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) १० च्या वर हवा. काड्या बघून कोपरा ठरवू नका. काड्या कमी पण एसआयएनआर चांगला, तोच कोपरा निवडा.

मग दीड इंची जीआय पाइप, २० फुटी, तीन बाजूंनी ताण. वर बाहेरचा ४जी राऊटर बसवायचा, ज्याला लॅनच्या केबलमधूनच वीज जाते. राऊटर खाली घरात आणि अँटेना वर, असलं करू नका. अँटेनाची आरजी-५८ केबल १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागं पाऊण डीबीच्या आसपास खाते. १० मीटरला ७-८ गेले, तर ९ डीबीच्या अँटेनातलं हाती काय राहिलं? लॅनची केबल ९०-१०० मीटरपर्यंत चालते. ती बाहेरच्या वापराची, निव्वळ तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलमध्ये वर पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं आणि राऊटर रात्री-अपरात्री आपोआप रीस्टार्ट होत राहतो.

भोगावतीकाठ

पाइप उभा केलात, पण एप्रिल-मेमधला वळीव विसरलात. गच्चीवरच्या पाइपपासून घरातल्या स्विचपर्यंत सलग तांबं म्हणजे जवळ वीज पडली की सर्ज (विजेचा झटका) थेट आत. पाइपला वेगळं अर्थिंग आणि लॅनला सर्ज प्रोटेक्टर हे खर्चात धरलेलं दिसत नाही. फायबरची काच वीज वाहत नाही.

आणि रात्री नऊला एसआयएनआर १५ असून स्पीड २ एमबीपीएस येत असेल, तर टॉवर गच्च भरलाय. मग २० फुटी पाइप लावा नाहीतर ४० फुटी.

जोडबॉक्स

काच वाहत नाही, पण ड्रॉप केबलमधली (खांबावरून घरात येणाऱ्या केबलमधली) लोखंडी तार वाहते. गावोगावी ही केबल विजेच्या खांबांवरून ओढलेली आहे. वाऱ्यात ती तार एलटी (घरगुती विजेच्या) लाईनला घासली तर घरापर्यंत करंट येऊ शकतो. बाहेरच्या शेवटच्या हुकावरच लोखंडी तार सोलून, बांधून, कापून टाका. खिडकीतून आत फक्त फायबरची बारीक पट्टी घ्या. ती आणताना ३ सेंटिमीटरपेक्षा लहान वळण नको, खिडकीच्या झडपेत दाबली जायला नको. हिरव्या आणि निळ्या टोकाचे कनेक्टर एकमेकांत घालू नका. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, जुळत नाही आणि पॉवर पडते.

गगनबावडा_धार

तुम्ही दोघं सपाटीचं बोलताय. आमच्याकडं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं तर आलं, वाडीपर्यंत नाही. टॉवर डोंगराच्या पलीकडं. इथं पहिला प्रश्न नेटचा नसतो, पाऊस लागल्यावर फोन लागेल का हा असतो.

त्यासाठी तीन गोष्टी. एक, फोनचं ५जी बंद करून ४जीवर ठेवा. ५जीचा बराचसा भार ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर आहे. झाडी-डोंगरात त्या टिकत नाहीत, फोन नुसता शोधत बसतो आणि बॅटरी संपवतो. दोन, ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झवर चालणारं एक सिम घरात असू द्या. वळणामागं पोचतात त्या याच लहरी. एका कंपनीचं २जी नेटवर्कच नाही, पण ज्यांचं आहे त्यांच्या सिमवर साध्या बटनाच्या फोनला बोलण्यापुरती रेंज मिळू शकते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ तोच फोन ठेवा. तीन, सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरवर दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांनाही ४जी वापरता यावं अशी सोय जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. आपली रेंज गेली असेल तर नेटवर्क निवड हातानं करून दुसरं नाव धरतंय का ते बघा.

आणि हात जोडून सांगतो, ते ऑनलाइन मिळणारे सिग्नल बूस्टर घेऊ नका. परवान्याशिवाय ते लावणं बेकायदा आहे. शिवाय तो टॉवरकडंही गोंगाट फेकतो. एका घरात रेंज वाढते आणि सगळ्या वाडीचे कॉल तुटायला लागतात.

मळ्यातली_वस्ती

दोन्ही बाजूंना प्रश्न. गावात फायबर आहे, मळा २ किलोमीटरवर. ऑपरेटर वायर ओढायला तयार नाही आणि मळ्यात रेंज -११८. काय करावं?

जोडबॉक्स

गावातलं घर आणि मळा दोन्ही तुमचेच असतील तर ५.८ गिगाहर्ट्झच्या दोन डिश समोरासमोर लावा. या पट्ट्यातल्या ठरावीक क्षमतेच्या उपकरणांना परवाना लागत नाही. पण मार्चमध्ये ऊस तुटल्यावर लावलेली लिंक सप्टेंबरात का मरते ते आधी समजून घ्या. नुसतं समोरचं दिसून भागत नाही, लहरींना मध्यावर फुगायला जागा लागते. २ किलोमीटरला मध्यभागी ती त्रिज्या साधारण ५ मीटर, त्यातली निदान ६० टक्के म्हणजे ३ मीटर मोकळी हवी. उभा ऊस साडेतीन मीटर धरा. म्हणजे मधल्या रानापासून साडेसहा मीटर, २१-२२ फूट उंचीवरून लिंक गेली पाहिजे. मध्ये आंबा किंवा नारळ असेल तर हिशोब नव्यानं.

बारा_व्होल्ट

फायबर की टॉवर हा वाद मला दुय्यम वाटतो. लाईट गेली की फायबरवाल्याचा ओएनयू बंद, पाइपवरचा राऊटरही बंद. वाय-फाय कॉलिंगवर भरवसा ठेवलेल्या घरातला फोनसुद्धा बंद.

मळ्यातली बरीच घरं शेतीपंपाच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आहेत. थ्री फेज आठ तास, तेही पाळीनं. गावठाण फीडरवर असलात तरी पावसाळ्यात फांदी पडली की गेली. इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर एवढ्यासाठी घेऊ नका, ही उपकरणं बहुतेक १२ व्होल्टवरच चालतात.

अ‍ॅडॉप्टरवर काय छापलंय ते आधी वाचा. १२ व्होल्ट आणि १ किंवा दीड ॲम्पियर असेल तर लिथियमचा मिनी यूपीएस चालतो. आत १८६५० चे २००० एमएएचचे चार सेल म्हणजे सुमारे ३० वॉट-तास. ओएनयू आणि राऊटर मिळून १० वॉट ओढत असतील तर अडीच तास धरा. खोक्यावर आठ तास लिहिलेलं असतं, ते ४ वॉटच्या एकट्या उपकरणाचं. जास्त वेळ हवा तर १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी घ्या. निम्मीच वापरायची म्हटलं तरी चार तास मिळतात. पण ती थेट जोडू नका. चार्जिंगच्या वेळी ती पावणेचौदा व्होल्टवर असते, उतरताना साडेअकराच्या खाली जाते. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर, प्लसच्या वायरवर ३ ॲम्पियरचा फ्यूज, आणि पिन घालायच्या आधी मल्टिमीटरनं प्लस-मायनस तपासा. एक उपकरण १२ चं आणि दुसरं ९ किंवा ५ चं असेल तर पिन बसते म्हणून घालू नका, जळेल.

ऊसपट्टा_शिरोळ

हे पटलं. पण टॉवरची लाईट गेली तर तुमची बॅटरी काय कामाची?

बारा_व्होल्ट

टॉवरलाही बॅटरी असते, काहींना डिझेल जनरेटर. पूर आला, रस्ता बंद झाला की डिझेल पोचत नाही आणि काही तासांत टॉवर बसतो. फायबरच्या वाटेतले स्प्लिटर मात्र विजेशिवाय चालतात. ऑपरेटरची खोली आणि तुमचं घर एवढ्या दोनच ठिकाणी वीज लागते. त्यामुळं लाईटच्या बाबतीत मी भोगावतीकाठ यांच्या बाजूनं.

जोडबॉक्स

दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट: पुष्कळ गावांत टॉवरला येणारी लाईनसुद्धा फायबरच आहे आणि ती त्याच रस्त्याकडेनं येते. जेसीबीचा एक फाळ, दोन्ही गेलं. दोन जोडण्यांचे पैसे भरायचे आणि दोन्ही एकाच वेळी बंद, त्याला आधार म्हणत नाहीत.

पुढच्या वेळी नेट जाईल तेव्हा चिडण्याआधी दिवे बघा. लॉस लाल म्हणजे बहुधा तुमच्यापर्यंतची काच तुटलीय. पॉनचा (ऑपरेटरशी जोड असल्याचा) दिवा हिरवा स्थिर आणि नेट नाही म्हणजे घोटाळा बहुधा ऑपरेटरकडं किंवा त्याच्या पुढं. त्याच वेळी फोनवर काड्या पूर्ण आणि डेटा शून्य असेल तर टॉवर उभा आहे, बहुधा त्याची मागची लाईन कापलीय. काड्याच गायब असतील तर बहुधा टॉवरची वीज गेलीय. चार-पाच वेळा तारीख-वेळेसह लिहून ठेवा. फायबर आणि एखाद्या कंपनीचा टॉवर दर वेळी जोडीनं जात असतील तर आधाराला दुसऱ्या कंपनीचं सिम घ्या. काही टॉवर डिशवरून, म्हणजे मायक्रोवेव्हनं जोडलेले असतात. खोदाईत तेच तगतात. तरंग संचार या सरकारी पोर्टलवर आसपास कुणाचे टॉवर आहेत ते दिसतं.

तक्रार_नंबर

हे लिहिलेलं तक्रारीलाही उपयोगी पडतं. ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) सेवा-गुणवत्तेचे नवे नियम २०२४ मध्ये आले. घरच्या ब्रॉडबँडचा फॉल्ट तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. मोबाईल सेवा जिल्हा पातळीवर २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला वाढीव मुदत आहे. पण ब्रॉडबँडच्या फॉल्टसाठी तक्रार नोंदवून डॉकेट (तक्रारीचा) नंबर घेतला पाहिजे. केबलवाल्याला व्हॉट्सॲपवर "नेट बंद आहे दादा" टाकणं म्हणजे तक्रार नव्हे. दाद मिळाली नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जा. ग्राहक आयोगाची वाटही सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये मोकळी केलीय.

ऊसपट्टा_शिरोळ

थोड्या दिवसांचं भाडं परत मिळून मुलांचा बुडालेला ऑनलाइन फॉर्म भरला जात नाही. आणि लहान ऑपरेटरला नियम दाखवत बसलात तर तो त्या वाडीकडं बघायचंच सोडतो.

त्यापेक्षा ऑक्टोबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, गावातल्या सगळ्या रोड क्रॉसिंग मोजा. बांबूला टेप बांधून, झोळाच्या सगळ्यात खालच्या बिंदूला, खालून. विजेच्या तारांना चुकूनही बांबू लावू नका. १८ फुटांच्या खाली असेल तिथं ऑपरेटरकडून रस्त्याच्या दोन्ही कडांना स्वतंत्र पाइप उभे करून घ्या, जागेची परवानगी ग्रामपंचायतीनं द्यावी.

तक्रार_नंबर

पाइपचे पैसे कुणी द्यायचे, हाच तर वाद आहे. ग्राहक महिन्याचं भाडं भरतोय, तर ते ऑपरेटरनंच दिले पाहिजेत.

ऊसपट्टा_शिरोळ

दिले पाहिजेत हे खरं. पण तो देईपर्यंत पहिली ट्रॉली जाऊन आलेली असते. एका क्रॉसिंगवर वीस-पंचवीस घरं असतील तर वर्गणी काढा, पावती करा, आणि रक्कम पुढच्या बिलांतून वळती करण्याचं ऑपरेटरकडून लिहून घ्या. आणि तोवर पाइपवरचा राऊटर काढू नका.