मदत हवी आहे: किडनीच्या डॉक्टरकीसाठी डीएम की डीआरएनबी?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पप्पांचं डायलिसिस आठवड्यातून 3 वेळा, चार-चार तास चालायचं. त्यांच्या हातावरच्या फिस्टुलाची (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या जागेची) थरथर बोटाने तपासायला ती बारावीतच शिकली. तेव्हापासून तिला नेफ्रॉलॉजीच (किडनीच्या आजारांचं शास्त्र) करायचंय. आता नीट-एसएस ही एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देणार आहे. डीएम (मेडिकल कॉलेजची पदवी) आणि डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) हे सुपरस्पेशालिटीचे दोन्ही कोर्स 3 वर्षांचे, पण प्रत्यक्ष शिकण्यात फरक किती पडतो? किडनीची बायोप्सी, डायलिसिसचा कॅथेटर टाकणं हे स्वतःच्या हाताने भरपूर करायला कुठे मिळतं? तिचा जीव मुंबईच्या केईएम हॉस्पिटलवर आहे, कारण तिथे प्रत्यारोपणाचे रुग्णही बघता येतात. तिथे किंवा दुसरीकडे शिकलेलं कुणी ओळखीचं असेल तर कृपया सांगा. दहा मिनिटं बोलता आलं तरी तिला खूप आधार होईल.