सिम्पसन वाळवंट, सोबत दोन मुलं: गाडीचं कळलं, मुलांचं कोण सांगेल?

सायली_क

जुलैच्या सुट्टीत आम्ही चौघं ऑस्ट्रेलियातलं सिम्पसन वाळवंट ओलांडायचं म्हणतोय. पश्चिमेकडच्या माऊंट डेअरहून निघून फ्रेंच लाइन नावाच्या वाटेने पोपेल कॉर्नर (तीन सीमा मिळतात ती जागा), तिथून पूर्वेकडचं बर्ड्सव्हिल गाव. मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 7 ची. सोबत मित्राची दुसरी गाडी आहे. नवऱ्याला समुद्रकाठच्या वाळूत गाडी चालवायची सवय आहे. टायर, सस्पेन्शन, विंच यावर महिनाभर वाचतेय, पण मुलांबद्दल कुणीच काही लिहीत नाही. सासूबाईंचं म्हणणं, धाकटी जरा मोठी होईपर्यंत थांबा. जाऊन आलेल्या कुणी मनापासून सांगाल का?

पश्चिमवारा

पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताय ते उत्तम. वाळूच्या टेकाडांची पूर्वेकडची बाजू जास्त उभी असते, ती तुम्हाला उतरायला मिळेल. जुलैत दिवस सुखाचे, रात्री मात्र पारा शून्याजवळ जातो, तेव्हा मुलांच्या झोपायच्या पिशव्यांत काटकसर नको. (1 डिसेंबर ते 15 मार्च तिथल्या उन्हाळ्यामुळे वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान बंदच असतं.) उद्यानाचा पास आधी काढा. गाडीवरच्या झेंड्याचं टोक जमिनीपासून किमान 3.5 मीटर उंच हवं, रेडिओ चॅनल 10 वर. माथ्यापलीकडून येणारी गाडी दिसत नाही, आधी झेंडाच दिसतो. माऊंट डेअर सोडलं की इंधन थेट बर्ड्सव्हिललाच.

अनघा_वाळूवाट

सायली, मुलांचं मी सांगते. आम्ही हे वाळवंट ओलांडलं तेव्हा आमची लेक आठ वर्षांची होती.

दुसऱ्या संध्याकाळी दोन टेकाडांच्या मधल्या सपाटीत तंबू ठोकले. ही फावडं घेऊन शौचाला टेकाडापलीकडे गेली. आम्ही चुलीच्या मागे होतो, फार लक्ष दिलं नाही. तिथली टेकाडं एकाला एक समांतर, अशी अकराशेहून जास्त आहेत, आणि प्रत्येक मधली सपाटी हुबेहूब शेजारच्या सपाटीसारखी. परतताना तिने पाठ वळवायच्या ऐवजी पुढचंच टेकाड ओलांडलं. उतरून बघते तर ना गाडी, ना तंबू, ना आम्ही.

वीस मिनिटं झाली तरी आली नाही तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. हॉर्न वाजवला, हाका मारल्या. वाळूत आवाज कुठून येतोय ते नीट कळतच नाही. शेवटी माग काढत गेलो. सूर्य खाली आला होता म्हणून प्रत्येक पावलाच्या खळग्यात सावली भरली होती, आणि पावलांच्या उजवीकडे एक सलग रेघ होती. फावडं जड, म्हणून ती ते ओढत चालली होती! त्या रेघेने आम्हाला तिच्यापर्यंत नेलं. फावडं वाळूत रोवून, त्यावर लाल स्वेटर अडकवून ती शेजारी बसली होती. निघण्याआधी एकच गोष्ट तिच्याकडून घोकून घेतली होती: हरवलीस की बसायचं. तेवढं तिने केलं.

तेव्हापासून आमच्याकडे टेकाडाचा माथा एकट्याने ओलांडायचा नाही. मोठ्यांनीसुद्धा. गळ्यात शिट्टी, झोपतानाही. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. शोधणाऱ्यांना विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. तुमच्या मुलाला आपत्कालीन बीकन (मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र) चालू करायला शिकवाच: अँटेना उभी करायची, बटण दाबायचं, बीकन उघड्या आकाशाखाली ठेवायचा. दोन्ही मोठी माणसं जखमी असतील तर ते त्यालाच करावं लागेल. हे त्याला सांगायला मला जड गेलं असतं, पण मुलं असलं ऐकून घाबरत नाहीत, उलट ताठ होतात.

पाणी माणशी दिवसाला सात लिटर, वर दोन-तीन दिवसांचं जादा, आणि सगळं एकाच टाकीत नको. आमचा एक कॅन गचक्यांनी तळाशी चिरला होता.

मुलांना काम द्या. लेकाकडे प्रेशर गेज होता. टायरमधली हवा 18 पीएसआयवर आणून द्यायची, मग गाडी हलायची. (अडकलात की आधी अजून दोन कमी करा, मग फावडं.) थांबलो की लेक गाडीखाली टॉर्च मारायची. स्पिनिफेक्स गवताच्या काड्या एक्झॉस्टजवळ साठतात आणि पेट घेतात. दोनदा तिने मूठ मूठ गवत काढायला लावलं.

आणि सासूबाईंना हे सांगा: मोटारीने हे वाळवंट पहिल्यांदा ओलांडलं गेलं 1962 मध्ये, आणि ते एका कुटुंबाने. भूवैज्ञानिक रेग स्प्रिग, त्यांची पत्नी ग्रिसेल्डा आणि दोन मुलं. तेव्हा बीकनही नव्हता. त्याच्याही कितीतरी आधीपासून वांगकांगुरू हे इथले मूळ लोक याच वाळवंटात लेकराबाळांसह राहत होते, मिकिरी नावाच्या विहिरींच्या पाण्यावर. ही जागा मुलांची नाही असं म्हणणं मला पटत नाही.

डॅलहाउसीच्या गरम झऱ्यात निघण्याआधी अख्खी दुपार घालवा. बारके मासे पायाला लुचतात, मुलं बाहेर यायला तयार होत नाहीत.

सायली_क

अनघाताई, वाचताना हात गार पडले. शिट्ट्या आजच मागवते. फावड्याचं मात्र कळेना, सात वर्षांच्या मुलीला ते उचलेल का?

अनघा_वाळूवाट

उचलायचं नाहीच गं. ओढतच न्यायला सांग.