जुन्या टर्फचे तेल केल्याने त्याच्या कचऱ्याचा प्रश्न सुटतो का?

धागालेखक

अमेरिकेतील ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये 1966 साली नायलॉनचे गवत अंथरले गेले आणि कृत्रिम मैदानांचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. त्याच शहराजवळ, बेटाउन येथील एक्सॉनमोबिलच्या संकुलात, डिसेंबर 2022 पासून टाकाऊ प्लॅस्टिक उष्णतेने फोडून त्याचे रासायनिक कच्च्या मालात रूपांतर करणारा मोठा प्रकल्प चालू आहे. कृत्रिम गवत बनवणारी टेनकेट आणि प्लॅस्टिकचा कचरा निवडून पुरवणारी सिक्लिक्स यांच्या भागीदारीतून आयुष्य संपलेली मैदानेही या मार्गाने नेण्याची योजना जाहीर झाली आहे. या मार्गाला पुनर्चक्रीकरणाचे श्रेय द्यावे का, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत असे की, किती वजन आत गेले आणि त्यातून किती वजनाचे नवे प्लॅस्टिक झाले याचा हिशोब जोवर उघड होत नाही, तोवर हे श्रेय देऊ नये.

फुटबॉलचे पूर्ण मैदान सात ते आठ हजार चौरस मीटरचे असते. त्यातील गालिचा साधारण 20 टनांचा, पण त्यात भरलेली वाळू आणि टायरचा रबरचुरा मिळून 200 टनांच्या आसपास जातात. म्हणजे ज्याला आपण गवत म्हणतो, तो एकूण वजनाचा लहानसा भाग आहे. त्या भागातही पाती पॉलिएथिलीनची, विणीचे कापड पॉलिप्रॉपिलीनचे आणि पाती धरून ठेवणारा मागचा लेप लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा असतो. लॅटेक्सच्या लेपात चुनखडीची पूड भरपूर मिसळलेली असते. ही वाळू आणि ही पूड भट्टीत वितळत नाही की जळत नाही, ती राख म्हणून उरते. रबरातील गंधक तेलात उतरते आणि पॉलियुरेथेनमधील नायट्रोजनही. हे सगळे आधी वेगळे केल्याशिवाय उष्णतेचा मार्ग चालत नाही, आणि वेगळे करण्याचे कष्ट घेतलेच, तर पुढे तेल करण्याऐवजी थेट प्लॅस्टिकच का करू नये?

कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता रॉब बॉन्टा यांनी सप्टेंबर 2024 मध्ये एक्सॉनमोबिलविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात असे म्हटले आहे की, या पद्धतीत घातलेल्या प्लॅस्टिकपैकी 92 टक्के पुन्हा प्लॅस्टिक होत नाही, तर मुख्यतः इंधन होते. कंपनीला हा आरोप अमान्य आहे आणि तिने बॉन्टा यांच्यावर उलट दावा केला आहे. मग ताळेबंद प्रसिद्ध करून हा वाद मिटवता येणार नाही का?

प्रतिसाद : रसायन उद्योगातील एक अभियंता

धागालेखकांनी केलेले रचनेचे वर्णन अचूक आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन वितळवल्यावर एकजीव होत नाहीत. त्यांच्या मिश्रणात लॅटेक्सचे कण राहिले की तयार होणारा माल ठिसूळ होतो. म्हणून युरोपात जुन्या टर्फपासून फळ्या, खांब आणि मैदानाखालचे धक्काशोषक थर बनतात, पण नवी पाती सहसा बनत नाहीत. आठ-दहा वर्षे उन्हात राहिलेल्या पात्यांच्या रेणुसाखळ्या तुटलेल्या असतात, त्यांच्यातून पुन्हा बारीक, चिवट धागा ओढणे कठीण असते. उष्णतेच्या मार्गाला तुटलेल्या साखळ्यांची अडचणच नाही, कारण त्या तोडणे हेच त्याचे काम आहे. प्राणवायूविना 400 ते 550 अंश सेल्सिअसला तापवल्यावर पॉलिएथिलीनपासून मेण आणि तेल मिळते, आणि त्यापासून बनलेले प्लॅस्टिक नव्यासारखेच असते. तेलातील गंधक आणि नायट्रोजन काढण्याचे तंत्र शुद्धीकरण कारखान्यांना फार पूर्वीपासून अवगत आहे. जो गालिचा आज जमिनीत गाडला जातो, त्याच्या तुलनेत हे पाऊल पुढचेच आहे.

धागालेखक

नव्यासारखे प्लॅस्टिक मिळते हे मान्य, पण किती मिळते? केवळ उदाहरणादाखल हिशोब मांडतो. स्वच्छ केलेल्या 100 किलो प्लॅस्टिकमधून 70 किलो तेल मिळाले असे धरू. ते वाफेच्या भट्टीत 800 अंशांच्या वर पुन्हा फोडले, तर नाफ्थाच्या (खनिज तेलातील हलक्या भागाच्या) अनुभवावरून एथिलीन सुमारे 30 टक्के आणि प्रॉपिलीन 15 टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणजे ज्यातून पुन्हा गवताचा धागा होऊ शकेल असा माल जेमतेम 31 किलो. बाकीच्यातील काही भाग इतर रसायनांना उपयोगी पडतो, काही भट्ट्या तापवायला जातो. शिवाय हे तेल खनिज तेलात मिसळून वापरले जाते आणि कागदावरच्या वाटपाने ‘पुनर्चक्रित’ वजन कोणत्याही मालाच्या नावे लिहिता येते. माझा आक्षेप रसायनशास्त्राला नसून या वाटपाला आहे.

प्रतिसाद : पुण्यातील एक टर्फचालक

आपली चर्चा टेक्सासभोवती फिरत आहे, म्हणून आमची स्थिती सांगतो. पुण्या-मुंबईत भाड्याने दिल्या जाणाऱ्या बॉक्स क्रिकेटच्या आणि फुटबॉलच्या टर्फची संख्या झपाट्याने वाढली आहे, आणि त्यांचा गालिचा खराब झाला की तो घेणारे कोणीच नसते. थोडा भाग गच्चीवर किंवा लॉनवर अंथरायला जातो, उरलेला भंगारवालाही नाकारतो, कारण तो वाळूने जड झालेला असतो. 2022 च्या नियमांनी प्लॅस्टिक वेष्टनांची आणि टायरांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, पण गालिचा हे वेष्टनही नाही आणि टायरही नाही. अशा वेळी नव्या प्लॅस्टिकचे प्रमाण किती, ही चर्चा आम्हाला दूरची वाटते. चंद्रपूरकडच्या सिमेंटच्या भट्ट्यांनी हा गालिचा घेतला तरी मी समाधान मानीन. तिथे प्लॅस्टिक कोळशाची जागा घेईल, आणि चुनखडी व वाळू या तर सिमेंटच्याच कच्च्या मालातल्या वस्तू आहेत.

प्रतिसाद : पालघर जिल्ह्यातील एक वाचक

टर्फचालकांची अडचण खरी आहे, पण ‘काहीही चालेल’ या भूमिकेची किंमत कोण मोजतो ते आम्ही पाहिले आहे. वाडा तालुक्यात टायर तापवून तेल काढणाऱ्या कारखान्यांविरुद्ध गावकरी काळी धूळ आणि दुर्गंधी यांची तक्रार वर्षानुवर्षे करत आले आहेत. रबरचुरा मिसळलेला गालिचा स्वस्त भट्टीत गेला, तर त्याचे काजळीसारखे अवशेष आमच्याच शेतांवर बसतील. त्यात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील टर्फच्या नमुन्यांत 2019 साली निसर्गात सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायने (पीएफएएस) आढळली होती. असा माल तापवताना निघणारा वायू धुऊन घेण्याची व्यवस्था लहान कारखान्यांकडून कोण करून घेणार? बेटाउनच्या संकुलाचे उदाहरण देऊन वाड्याच्या भट्टीला परवानगी मिळवली जाईल, याची मला खरीखुरी भीती वाटते.

प्रतिसाद : अभियंता

पालघरच्या वाचकांशी मी पूर्ण सहमत आहे. उघड्यावर हाताने रिकामी केली जाणारी टायरभट्टी आणि अखंड चालणारा, वायू शुद्ध करणारा प्रकल्प यांना एकाच नियमाखाली परवाना देणे चूकच आहे.

धागालेखकांनी हिशोबाचा आग्रह धरला आहे, म्हणून एक जुने उदाहरण मांडतो. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे घरगुती गालिच्यांतील नायलॉन-6 पासून मूळ रेणू, म्हणजे कॅप्रोलॅक्टम, परत मिळवणारा कारखाना 1999 मध्ये उभा राहिला. नायलॉन-6 ची साखळी वाफेच्या साहाय्याने नेमक्या जोडावरच सुटते, त्यामुळे तिथे माल इंधनात जाण्याचा प्रश्नच उरत नव्हता. तरीही नव्या कॅप्रोलॅक्टमचा भाव पडल्याने तो 2001 मध्ये बंद झाला आणि 2007 मध्ये, गालिचे बनवणाऱ्या कंपनीने हाती घेतल्यावर, पुन्हा सुरू झाला. उत्तम रसायनशास्त्रसुद्धा बाजारभावापुढे दोन वर्षे टिकले नाही. त्यामुळे आपण मागता तेवढे कठोर निकष पहिल्याच दिवशी लावले, तर टर्फसाठी एकही प्रकल्प उभा राहणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

धागालेखक

ऑगस्टाचे उदाहरण माझ्या बाजूचेही आहे. तो कारखाना पुन्हा चालू झाला, कारण गालिचा विकणाऱ्यानेच तो परत घेण्याचे ठरवले. युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमानुसार 17 ऑक्टोबर 2031 पासून रबरचुऱ्यासारखा सुटा प्लॅस्टिक भराव विकता येणार नाही. म्हणजे भराव नसलेली किंवा फक्त वाळूची मैदाने वाढतील आणि वेगळे करण्याचे काम हलके होईल. तेव्हा पाती, कापड आणि लेप एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे करण्याची सक्तीही करता येईल. आपल्याकडे महापालिका आणि क्रीडासंकुले निविदा काढतात, त्यांनी आजपासूनच गालिचा परत नेण्याची अट आणि त्यासाठीची अनामत रक्कम निविदेत घालावी, आणि तो कुठे गेला व त्यातून किती किलो प्लॅस्टिक झाले याचा दाखला मिळाल्यावरच ती परत करावी. इंधन म्हणून जाळलेले वजन त्या दाखल्यात वेगळ्या रकान्यात लिहावे. सिमेंटच्या भट्टीत गेलेलेही त्याच रकान्यात.

प्रतिसाद : टर्फचालक

अनामत भरायला माझी हरकत नाही, मात्र ती गालिचा विकणाऱ्याकडून घेतली जावी. आम्ही भाड्याच्या जागेवर पाच वर्षांच्या कराराने व्यवसाय करतो. गालिच्याचे आयुष्य संपते तेव्हा त्या जागेवर आम्ही असतोच असे नाही.