हर्डल हा शब्द आला कुठून?

प्रश्न: माझी पोरगी मानकापूरच्या मैदानावर हर्डल्स शिकते. काल विचारत होती, "बाबा, हर्डल म्हणजे अडथळाच ना? मग हा शब्द कुठला?" मला सांगता आलं नाही.

उत्तर: भाऊ, जुन्या इंग्रजीत ‘हिर्डेल’ म्हणजे फांद्या विणून केलेली ताटी, मेंढ्या कोंडायची. आपल्याकडे तुराट्यांचा कूड असतो ना, त्याच जातीची. इंग्लंडात राजद्रोह्याला अशाच ताटीवर बांधून फाशीच्या जागेपर्यंत ओढत नेत. शर्यतीतही आधी मेंढ्यांचीच ताटी होती. ‘अडचण’ हा अर्थ फार नंतरचा.

उत्तर: अडथळ्यासाठीचा दुसरा इंग्रजी शब्द ‘इम्पेडिमेंट’, तोही सांगा तिला. लॅटिन ‘पेस’ म्हणजे पाय, आपल्या ‘पद’चा सख्खा भाऊ. पाय अडकवतं ते. रोमन सैन्याचं सामानसुमानही ‘इम्पेडिमेंटा’च.

प्रश्नकर्ता: काटोलला आमच्या गोठ्याला अजून कूडच आहे! रविवारी तिला नेऊन दाखवतो.